पाळणा कोणाचा, निर्णय कोणाचा

रघुनाथ धोंडो कर्वे आज एखाद्या सरकारी रुग्णालयात नसबंदी करून घ्यायला गेले, तर त्यांना परत पाठवतील. केंद्र सरकारने नसबंदीसाठी जे निकष घालून दिले आहेत, त्यांत दोन अटी आहेत: माणसाचं लग्न झालेलं असावं, आणि जोडप्याला वर्षाहून मोठं निदान एक तरी मूल असावं. दुसऱ्या अटीतून सुटका फक्त वैद्यकीय कारणासाठी. कर्व्यांचं लग्न झालं होतं, मूल नव्हतं. रघुनाथराव आणि मालतीबाई या दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं विचार करून ठरवलं होतं आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करवून घेतली होती. संततिनियमन हा विषय चारचौघांत काढायचीही चोरी होती, त्या काळातली ही गोष्ट. आज गावोगावी कुटुंब नियोजनाच्या पाट्या आहेत, शिबिरं आहेत, वाडीवस्तीवर आशाताई आहेत. तरीही 'आम्हाला मूल नकोच' म्हणणाऱ्या जोडप्याची दखल या यंत्रणेने घेतलेली नाही.

या पुस्तकातली मनोगतं वाचताना मला पुन्हा पुन्हा कर्वे दांपत्य आठवत राहिलं. मनोगतं लिहिणारी माणसं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. कोणी मूल होऊ दिलेलं नाही. कोणी एका मुलीवर थांबलं आहे. एका घरात तिसरं मूल हवंसं वाटलं म्हणून झालं आहे. कोणी लग्न न करता मुलगी दत्तक घेतली आहे. एक जोडपं वर्षानुवर्षं उपचार घेऊन शेवटी 'आता पुरे' म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या उतरलं आहे. गर्भपात करून घेतलेल्या दोघीजणी आहेत. यांची मतं जुळत नाहीत. एकत्र बसवलं तर वाद होतील, आणि व्हावेत. पण एका बाबतीत सगळ्यांचा अनुभव एक आहे. प्रत्येकाकडे खुलासा मागितला गेला. सासरच्यांनी मागितला, शेजाऱ्यांनी मागितला, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी मागितला, डॉक्टरांनी मागितला, कधी सरकारने मागितला. दिलेला खुलासा कोणालाच पुरेसा वाटला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मूल हवं की नको, कधी हवं, किती हवीत, हा निर्णय ज्यांना ते वाढवायचं आहे त्यांचा आहे. त्यातही शेवटचा शब्द जिच्या पोटात ते वाढणार तिचा. या निर्णयासाठी पटण्याजोगं कारण हजर करण्याची सक्ती कोणावरही असू नये. 'होऊ दे' म्हणणारा समाज आणि 'थांबा' म्हणणारं सरकार हे वरवर एकमेकांच्या विरोधात उभे असल्यासारखे दिसतात. बाईला न विचारण्याच्या बाबतीत मात्र दोघांचं कायम एकमत झालेलं आहे. महाराष्ट्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हे दाखवून देतो, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते.

रघुनाथराव नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. तिचं वय सत्तावीस. रघुनाथरावांचे वडील महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या विधवाविवाहाच्या आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्याची सुरुवात सांगताना हा मृत्यू एका ओळीत येऊन जातो. पण नऊ वर्षांच्या मुलाने तो पाहिला होता. तो मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन शिकून आला, आणि १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं केंद्र उघडलं होतं. म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. मागे होते ते मुंबईतले प्रतिष्ठित लोक. कर्वे विल्सन कॉलेजात शिकवत होते. संततिनियमनाचा जाहीर प्रचार कॉलेजच्या चालकांना रुचला नाही आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. पैसा नाही, जाहिराती नाहीत, डोक्यावर खटले, आणि मालतीबाईंखेरीज घरचं म्हणावं असं पाठबळ नाही.

'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं सदर असे. लोक पत्र पाठवून स्वतःच्या शरीराबद्दल, संबंधांबद्दल, मूल टाळण्याच्या उपायांबद्दल विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तर देत. १९३४ च्या खटल्यात नेमकी ही प्रश्नोत्तरंच अश्लील ठरवण्यात आली. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. मला या प्रकरणातली सगळ्यात लक्षात घेण्यासारखी बाब वाटते ती पत्रं लिहिणाऱ्यांची. घरात, वैद्याकडे, देवळात कुठेच जे विचारता येत नव्हतं, ते विचारायला त्यांना एक पत्ता मिळाला होता. कर्वे त्यांना 'तुम्ही अमुक करा' असं सांगत नसत. काय केल्याने काय होतं ते सांगत. ठरवायचं काम पत्र लिहिणाऱ्याचं. माहिती देणं आणि निर्णय लादणं यांतला फरक त्यांनी जसा पाळला तसा नंतरच्या सरकारी कार्यक्रमाला क्वचितच पाळता आला.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध त्या खटल्यापुरता नव्हता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध करून द्याव्यात असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला. बाबासाहेबांनी तयार केलेल्या त्या भाषणातला एक मुद्दा आजही वाचणाऱ्याला थांबवतो: बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात एकाहून अधिक मुलाला होकार दिला नसता. लोकसंख्या, दारिद्र्य, अन्नधान्य यांचे हिशेब त्या भाषणात आहेतच, पण बाईच्या देहाला होणारी यातनाही तिथे ठळकपणे मांडलेली आहे. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. त्याच सुमारास पुण्यात शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाचं काम सुरू केलं होतं. सिनेमात काम केलेली, लेखिका असलेली, एकटीने मुलगी वाढवणारी ही बाई बायकांशी या विषयावर मोकळेपणाने बोलत असे आणि त्यासाठी लोकांची टीका झेलत असे. पुढे त्या राज्यसभेवर गेल्या, त्यांना पद्मभूषण मिळालं. इतक्या उशिरा मिळालेल्या मानाने त्या आधीच्या वर्षांची भरपाई होते असं मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५२ मध्ये भारताने कुटुंब नियोजन राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांना दंड झाला होता ती गोष्ट त्यांच्या हयातीतच सरकारी धोरण झाली. पण धोरण झाली तशी ती उद्दिष्टांच्या भाषेत गेली. जिल्ह्याला इतक्या नसबंद्या, तालुक्याला इतक्या, शिक्षकाने इतकी माणसं आणायची, तलाठ्याने इतकी. आणीबाणीत याचा कळस झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या. उत्तर भारतातल्या जबरदस्तीच्या कहाण्या अधिक सांगितल्या जातात, म्हणून आपण आपल्याकडचं विसरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत कामाधंद्यासाठी गावात आलेल्या शेतकऱ्यांना धरून शिबिरात नेल्याचे प्रकार घडले. आणि तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक देशात मंजूर केलं ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९७६ मध्ये. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. कर्व्यांच्या, आंबेडकरांच्या, परांजप्यांच्या महाराष्ट्राने हे केलं, ही गोष्ट मला आजही लागते.

त्या जबरदस्तीचा राग पुरुषांनी मतपेटीतून व्यक्त केला आणि सरकार पडलं. त्यानंतर कोणत्याही पक्षाने पुरुषांच्या नसबंदीचा आग्रह धरण्याची हिंमत केली नाही. उद्दिष्टं मात्र राहिली. ती बायकांकडे वळली. पुरुषाची नसबंदी ही बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, कमी जोखमीची, आता तर बिनटाक्याची. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली आणि पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. घरोघरी याचं समर्थन ठरलेलं असतं: तो कमावता आहे, त्याला जड उचलावं लागतं, त्याला अशक्तपणा आला तर? शेतात, बांधकामावर, धुणंभांड्याला बाई काय उचलते हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

ऑपरेशनच्या शिबिराचा एक दिवस मी जवळून पाहिला आहे. थंडीचे दिवस, तालुक्याच्या गावची दवाखान्याची इमारत. बायका पहाटेच निघून आलेल्या, सकाळपासून उपाशी. बाहेर लिंबाच्या झाडाखाली सासवा आणि आया गोधडीत गुंडाळलेली तान्ही पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. आत एकेक नाव पुकारलं जात होतं. ऑपरेशन झालेल्या बायकांना व्हरांड्यात जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर ओळीने झोपवलं होतं आणि कोणीतरी हातातल्या कागदावर आकडा वाढवत होतं. तेवीसएक वर्षांची एक मुलगी टेबलाशी उभी होती. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं अवघड गेलेली, ऑपरेशन तिला स्वतःला हवं होतं. सिस्टरने फॉर्म उलटून पाहिला आणि म्हणाली, "मालकांची सही कुठंय?" मालक चाकणला कंपनीत. मुलीने फोन लावला, तो लागला नाही. सासू म्हणाली, "त्याला न विचारता कसं करायचं, नंतर मला बोलेल." मुलगी परत गेली. काही महिन्यांनी त्याच गावात मला ती दिसली तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेलेले होते.

नियम काय सांगतो? नसबंदीसाठी जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. सज्ञान बाईला गर्भपात करून घ्यायचा असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. हे कायद्यात स्पष्ट आहे. तरी खाजगी नर्सिंग होमपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सही मागितली जाते, कारण नंतर घरच्यांनी येऊन गोंधळ घालू नये अशी डॉक्टरांची इच्छा असते. याच्या अगदी उलट प्रकारही बायकांनी मला सांगितले आहेत: बाळंतपण झाल्याबरोबर तांबी बसवली होती, ते घरी गेल्यावर पोट दुखू लागलं तेव्हा कळलं. एकीला हवं ते मिळालं नाही, दुसरीला नको ते दिलं गेलं. दोघींना विचारलं मात्र कोणी नव्हतं.

शिबिरांचा वेग किती जीवघेणा होऊ शकतो ते नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्यांतल्या तेराजणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला.

बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय कुटुंब नियोजनाच्या पुस्तकात घ्यावा की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. मी घ्यावा असं म्हटलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एकाने जरी सुट्टी घेतली तरी खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी, ना संडास, ना आडोसा. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की डॉक्टर सांगतात, पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींचं वय तिशीच्या आसपास. कागदोपत्री यांतल्या प्रत्येकीने संमती दिलेली आहे. मला प्रश्न पडतो तो असा की खाड्याचा दंड, कर्ज, कॅन्सरची भीती आणि आडोशाचा अभाव या चार भिंतींच्या आत दिलेल्या होकाराला आपण निवड म्हणणार आहोत का? मी म्हणणार नाही. निवडीचा आदर करा असं म्हणताना निवड करण्याइतकी मोकळीक तिला होती का हे आधी पाहावं लागतं.

आता सरकारच्या दुसऱ्या हत्याराबद्दल. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनहून अधिक मुलं झालेल्यांना ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवणारी तरतूद लागू झाली. २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठी छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं. हरियाणातल्या अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवलं. कागदावर हा नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखा आहे. प्रत्यक्षात गावातल्या ज्या बाईला राखीव जागेमुळे पहिल्यांदा खुर्ची मिळाली, तिने तिसरं मूल स्वतःच्या मर्जीने होऊ दिलं होतं की 'मुलगा होईपर्यंत' म्हणून तिच्यावर लादलं गेलं होतं, हे तो नियम विचारत नाही. मूल व्हावं म्हणून घराने दबाव टाकला, आणि झालं म्हणून सरकारने पद काढून घेतलं. दोन्ही वेळा शिक्षा तिला.

अशा नियमांमागे हिशेब असतो तो लोकसंख्येच्या आकड्यांचा, आणि आकडे बदलतात. आंध्र प्रदेशाने १९९४ मध्ये हीच दोन मुलांची अट घातली होती. २०२४ मध्ये त्याच राज्याने ती काढून टाकली, कारण आता तिथल्या राज्यकर्त्यांना जन्मदर घसरल्याची काळजी लागली आहे. अधिक मुलं होऊ द्या, असं आवाहन आता जाहीर व्यासपीठांवरून होऊ लागलं आहे. २०१९ ते २१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० वर आलेला होता, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा तर १.३. उद्या एखाद्या सरकारने मूल न होऊ देणाऱ्यांना दंड करायचं ठरवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. कालपर्यंत 'हम दो, हमारे दो' सांगणारी पाटी उद्या तीन सांगू लागेल. बाईचं गर्भाशय हे राज्याच्या गरजेप्रमाणे उघडायचं आणि बंद करायचं धरणाचं दार नाही, एवढं मान्य झालं तर या दोन्ही पाट्या उतरतील.

न्यायालयांनी या बाबतीत कधी फार पुढचं पाऊल टाकलं आहे, कधी मागे घेतलं आहे. २००९ मधलं चंदीगडचं प्रकरण प्रत्येकाने वाचावं असं आहे. सरकारी आश्रयगृहात राहणारी, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेली एक अनाथ तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, उच्च न्यायालयाने तशी परवानगीही दिली. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. अपत्याबाबतचा निर्णय हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्यात मूल होऊ देण्याचा आणि न होऊ देण्याचा असे दोन्ही हक्क येतात, असं त्या निकालात स्पष्ट केलं. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्यांना हा निकाल आधार वाटतो, आणि तो मिळाला आहे तो गर्भपात नको म्हणणाऱ्या मुलीमुळे. म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्याची शिफारस करणारी समिती महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली होती. कित्येक देशांच्या आधी आपण हा कायदा केला याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याची रचना पाहिली तर परवानगी डॉक्टरच्या मतावर अवलंबून आहे, बाईच्या इच्छेवर नाही. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण २०२१ पर्यंत फक्त विवाहितेला देता येत होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तिथे स्त्री किंवा तिचा जोडीदार असे शब्द आले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा दिली. वर्षभराने, दोन मुलांची आई असलेल्या, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडणाऱ्या एका बाईला सव्वीस आठवड्यांनंतर त्याच न्यायालयाने नकार दिला. अपत्यासाठी सहाय्य घेण्याच्या बाबतीतही असंच: २०२१ च्या सरोगसी कायद्यात एकट्या बाईला मुभा आहे ती ती विधवा किंवा घटस्फोटित असेल तरच. लग्नच न केलेल्या बाईला नाही. दत्तक मात्र तिला घेता येतं.

एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. निवडीचा आदर म्हणायचं, तर मुलगी नको ही निवड मानायची का? माझं उत्तर नाही असं आहे. मूल हवं की नको हे ठरवणं वेगळं आणि कोणतं मूल जगायच्या लायकीचं आहे हे ठरवणं वेगळं. गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि तो योग्यच होता. पण त्याच्या अंमलबजावणीच्या उत्साहात गर्भपातालाच गुन्हा मानण्याची चूक होऊ लागली. तपासण्यांच्या धाकाने अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. सहाव्या आठवड्यात, लिंग कळण्याची शक्यताही नसताना, मदत मागायला आलेल्या बाईला हाकलून देणं म्हणजे मुली वाचवणं नव्हे.

कायद्याचं एवढं बोलल्यावर घराबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेकांचा झगडा तिथे असतो. लग्नाला सहा महिने झाले की 'काही विशेष?' सुरू होतं. वर्ष झालं की 'गोड बातमी कधी?' दोन वर्षांनी डॉक्टरचं नाव सुचवलं जातं, तीन वर्षांनी नवस. एक झालं की 'त्याला सोबत नको का?' दोन मुली झाल्या की 'आणखी एक चान्स घ्या.' मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणात मागे बसवणं, तिच्या हातून ओटी न भरवणं, बारशाला तिला पाळण्यापासून लांब ठेवणं हे शिकल्यासवरल्या घरांत अजून चालू आहे. तिला मूल होत नाही की तिने होऊ दिलेलं नाही, हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. त्याच आठवड्यात तिचा गर्भ पडलेला असू शकतो. उपचारांचा तिसरा प्रयत्न फसलेला असू शकतो. तालुक्याच्या गावापर्यंत टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या लागल्या आहेत आणि त्या पाट्यांच्या मागे जमिनी विकलेली, दागिने मोडलेली जोडपी आहेत. त्यांतल्या कित्येकांना स्वतःला मूल हवं होतं की विचारणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती, हे त्यांनाही आता सांगता येत नाही. या पुस्तकातल्या एका मनोगतात हे फार प्रामाणिकपणे आलं आहे.

आजीआजोबांच्या बाजूनेही मला बोलायचं आहे. नातवंडाची ओढ खोटी नसते. ज्या पिढीने आपलं सगळं आयुष्य मुलांभोवती रचलं, त्यांना घर रिकामं राहणार हे ऐकून दुःख होतं आणि ते दुःख बोलून दाखवण्याचा त्यांना हक्क आहे. आईने मुलीला 'मला नातवंड हवं होतं गं' म्हणावं, रडावं. 'आमचं काय चुकलं' किंवा 'लोक काय म्हणतील' हे म्हणू नये. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात आरोप. आणि मुलांनीही हे समजून घ्यावं की आईबापांना पटवून देणं बंधनकारक नसलं तरी त्यांच्या दुःखाशेजारी थोडा वेळ बसणं शक्य आहे. मूल न होऊ देणाऱ्यांपैकी काहीजण आईबाप झालेल्यांकडे अडाणी म्हणून पाहतात, तेही मला मंजूर नाही. तीन मुलं हौसेने वाढवणारी बाई बुरसटलेली नसते.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत डॉक्टर असतील, नर्स आणि आशाताई असतील, आमदार किंवा त्यांना ओळखणारे कोणी असतील. त्यांच्यासाठी तीन मागण्या इथे लिहून ठेवते. नसबंदीसाठी लग्न आणि मूल असण्याची अट केंद्राने काढावी. निर्णय बदलू शकतो अशी भीती असेल तर नीट समुपदेशन करावं, विचाराला वेळ द्यावा, पण सज्ञान माणसाला परत पाठवू नये. पंचायत निवडणुकीतली दोन मुलांची अट महाराष्ट्राने रद्द करावी. आणि जिथे नसबंदी किंवा गर्भपाताची सोय आहे अशा प्रत्येक दवाखान्यात, बाईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, मराठीत एक पाटी लावावी: नवऱ्याच्या सहीची गरज नाही. या पाटीला वेगळा कायदा लागत नाही, वेगळा निधी लागत नाही. तुमच्या गावच्या दवाखान्यात ती आहे का हे जाऊन पाहा, आणि नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या.